दुसऱ्याच्या फोनमध्ये आपले नाव

आमच्या मोहल्ल्यातल्या एका मेकॅनिक चाचांकडे मी लहानपणापासून जातो. आधी अब्बांच्या स्कूटरवर मागे बसून जायचो, आता माझी मोटारसायकल घेऊन जातो. गेल्या पावसाळ्यात ऑफिसमधल्या एका सहकाऱ्याची गाडी बंद पडली. मी चाचांचा नंबर सांगू लागलो, तसा तो म्हणाला, "थांब, हा नंबर माझ्याकडे आहे. मागे एकदा त्यांनीच गाडी करून दिली होती." त्याने फोन दाखवला. नंबर चाचांचाच होता. वर नाव होते, 'अब्दुल पंक्चर'.

चाचांचे नाव अब्दुल नाही. पंक्चरचे दुकान त्यांनी कधी चालवले नाही. ते इंजिन उघडून पुन्हा बसवणारे कारागीर आहेत आणि त्यांच्या हाताखाली शिकलेल्या पोरांची आज स्वतःची गॅरेजेस आहेत. सहकारी वाईट माणूस नव्हता. गडबडीत नंबर घेतला, नाव विचारायचे राहिले, मग सुचले ते लिहिले. पण नेमके हेच का सुचले, हे तुम्हाला आणि मला चांगले ठाऊक आहे. समाजमाध्यमांवर 'पंक्चरवाला' हा शब्द कोणासाठी आणि कोणत्या सुरात वापरला जातो, ते आपण रोज वाचतो.

पंक्चर काढण्यात कमीपणा काहीच नाही, ती हलाल कमाई आहे. प्रश्न एवढाच की, दुसऱ्याच्या फोनमध्ये आपले नाव कोणी लिहायचे?

आपण तोंडी नंबर देतो किंवा 'मिस कॉल मारतो' म्हणतो, तेव्हा नाव लिहिण्याचे काम समोरच्यावर सोडतो. तो त्याच्या सोयीने आणि त्याच्या समजुतीने लिहितो. इलेक्ट्रॉनिक व्हिजिटिंग कार्ड दिले, तर नाव, काम, गाव, ईमेल हे सारे आपण लिहिलेले असते आणि त्याने फक्त 'सेव्ह' दाबायचे असते. या एका कारणासाठी असे कार्ड आपल्यातल्या प्रत्येक कमावत्या आणि कमावू पाहणाऱ्या तरुणाकडे असावे, असे मला वाटते. फॅशन म्हणून ते घेण्याची गरज नाही.

आडनाव हेच कार्ड होते

तसे पाहिले तर मराठी मुसलमानांना व्हिजिटिंग कार्ड नवे नाही. आपली आडनावेच पाहा: बागवान, तांबोळी, आतार, मणियार, शिकलगार, पिंजारी. नाव ऐकले की काम कळायचे आणि गल्ली विचारली की पत्ता मिळायचा. मिरजेत तर 'सतारमेकर' असे आडनावच आहे. पिढ्यान्‌पिढ्या तंतुवाद्ये घडवणाऱ्या त्या गावाच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले.

हे कार्ड गावापुरते उत्तम चालले. आज आतार कुटुंबातला मुलगा डेटा ॲनालिस्ट असतो आणि पिंजारी कुटुंबातली मुलगी फिजिओथेरपिस्ट. ग्राहक दुसऱ्या शहरात असतो, कधी दुसऱ्या देशात. गल्ली विचारत कोणी येत नाही.

ही गोष्ट आपल्यासाठी इतरांपेक्षा थोडी अधिक महत्त्वाची आहे. सच्चर समितीने २००६ मध्ये नोंदवले होते की, मुस्लिम कामगारांपैकी सुमारे ६१ टक्के स्वयंरोजगारात आहेत. हिंदू कामगारांमध्ये हे प्रमाण सुमारे ५५ टक्के होते. पगारदार माणसाच्या मागे कंपनीचे नाव असते. स्वतःचा धंदा करणाऱ्याच्या मागे त्याचे नाव आणि नंबर एवढेच असते. तो नंबर ग्राहकाला सापडला नाही, तर त्या ग्राहकापुरते दुकान बंदच झाले.

हे कार्ड म्हणजे नेमके काय?

मी सॉफ्टवेअरच्या धंद्यात आहे, म्हणून सरळ सांगतो: यात जादू काही नाही. 'व्हीकार्ड' ही साध्या मजकुराची एक छोटी फाईल असते. एका ओळीत नाव, दुसरीत फोन, तिसरीत ईमेल, पुढे हुद्दा, संस्था, वेबसाइट. फाईलच्या नावाच्या शेवटी 'व्हीसीएफ' ही अक्षरे येतात. १९९० च्या दशकाच्या मध्यात ॲपल, आयबीएम, एटी अँड टी आणि सीमेन्स या कंपन्यांनी मिळून ही पद्धत ठरवली. तिची तिसरी आवृत्ती १९९८ ची आहे आणि आजही जवळपास प्रत्येक फोनला कळते. ती कोणा एका कंपनीच्या मालकीची नाही.

ही फाईल द्यायच्या तीन वाटा आहेत. पहिली, फोनमध्ये स्वतःचाच कॉन्टॅक्ट नीट भरून तो व्हॉट्सॲपने, ईमेलने किंवा ब्लूटूथने पाठवणे. यासाठी काहीही विकत घ्यावे लागत नाही. दुसरी, तोच मजकूर क्यूआर कोडमध्ये भरणे. क्यूआर कोड १९९४ मध्ये जपानमध्ये मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी तयार झाला. पेटंट असूनही डेन्सो वेव्ह या कंपनीने तो सर्वांना मोकळा ठेवला, म्हणूनच आज भाजीच्या गाडीवरही तो दिसतो. तिसरी वाट एनएफसीची, म्हणजे फोनला टेकवायचे कार्ड. त्यात एक बारीक चिप असते आणि ती दोन-चार सेंटीमीटरवरून वाचली जाते.

या तिसऱ्या प्रकाराची सध्या हवा आहे. धातूचे, काळे, चकचकीत कार्ड फोनला टेकवले की समोरचा चकित होतो. मित्रांनो, आतली चिप बहुतेक वेळा अगदी साधी असते. प्रचलित स्वस्त चिपपैकी एकीत जेमतेम १४४ बाइट मावतात. मराठीचे एक अक्षरचिन्ह सामान्यपणे तीन बाइट घेते, म्हणजे पूर्ण कार्ड त्यात बसतही नाही. म्हणून त्यात फक्त एक लिंक ठेवलेली असते आणि तुमची खरी माहिती विक्रेत्या कंपनीच्या सर्व्हरवर राहते. इथेच सावध व्हायला हवे.

भाड्याचे कार्ड घेऊ नका

माझ्या ओळखीच्या एका फॅब्रिकेशनवाल्याने दुकानाच्या पाटीवर, टेम्पोवर आणि छापील कार्डांवर मोठा क्यूआर कोड लावून घेतला. वर्षभराने तो कोड स्कॅन केला की 'योजना संपली आहे, नूतनीकरण करा' असे दिसू लागले. पाटी त्याची, रंग त्याचा, पण कोडमागची लिंक दुसऱ्याची होती. पैसे भरा, नाहीतर पाटी पुसा, एवढेच पर्याय उरले.

क्यूआर कोड दोन प्रकारचे असतात. एकात तुमची माहिती थेट त्या काळ्या-पांढऱ्या चौकटींतच असते. हा कोड कधी बंद पडत नाही, कारण बंद करायला मध्ये कोणी नसतो. दुसऱ्यात फक्त लिंक असते. तिचा फायदा असा की, नंबर बदलला तर कोड न बदलता माहिती बदलता येते. तोटा असा की, ती लिंक जिवंत ठेवणे कंपनीच्या हातात राहते, आणि तुमचा कोड कोणी, कधी, कुठून पाहिला याची नोंदही तिच्याकडे जाते.

ओळखायचे कसे? फोनचे इंटरनेट बंद करा आणि कोड स्कॅन करा. नाव आणि नंबर समोर आला, तर कार्ड तुमचे आहे. फक्त एखादा पत्ता दिसून पान उघडेनासे झाले, तर कार्ड भाड्याचे आहे. एनएफसी हवेच असेल, तर कोरी चिप घेऊन त्यात स्वतःच्या वेबसाइटची किंवा स्वतःच्या प्रोफाइलची लिंक भरा. ते काम फोनवरच्या मोफत ॲपने होते. पण सुरुवात साध्या फाईलने आणि थेट क्यूआर कोडने करा. बहुतेकांना तेवढे पुरते.

कार्डावर काय लिहायचे?

आधी नाव. मराठवाड्यात आणि विदर्भात आपल्याकडे 'शेख सलीम शेख करीम' अशी नावे लिहिण्याची रीत आहे. फोनच्या यादीत मग दहा-वीस 'शेख' एकाखाली एक येतात आणि ग्राहक चुकीच्या शेखला फोन लावतो. व्हीकार्डमध्ये आडनाव, नाव आणि मधले नाव यांचे रकाने वेगळे असतात, आणि पडद्यावर कोणते नाव दिसावे यासाठी आणखी एक रकाना असतो. तिथे तुम्हाला ज्या नावाने ओळखले जावे असे वाटते, ते लिहा. स्पेलिंग एकच ठेवा. डिग्रीवर एक, पॅनकार्डवर दुसरे आणि कार्डावर तिसरे असेल, तर शोधणाऱ्याला तुम्ही तीन माणसे वाटता.

मग काम. 'इंजिनीअर' एवढे पुरत नाही. 'एसी आणि फ्रिज दुरुस्ती, मुंब्रा' किंवा 'जावा डेव्हलपर, पुणे' असे लिहा. सहा महिन्यांनी माणूस तुमचे नाव विसरतो, काम आठवते. तो फोनमध्ये 'एसी' असे शोधतो, तेव्हा तुम्ही सापडायला हवे.

नंबरापुढे ९१ हा देशाचा कोड अधिक चिन्हासह लिहा. रत्नागिरी-रायगडच्या आपल्या लोकांना हे वेगळे सांगायला नको. कुवेतमध्ये किंवा दुबईत सेव्ह केलेला दहा आकडी नंबर तिथून लागत नाही. आखाती देशातून परत आलेल्यांचा तिकडचा नंबरही बंद होतो आणि जुनी ओळख तुटते. त्यासाठी कार्डावर ईमेल हवाच. तोही कॉलेजचा किंवा कंपनीचा नको, कारण पास झालात किंवा नोकरी सोडली की तो हातातून जातो. स्वतःचा, साध्या नावाचा ईमेल ठेवा.

काय लिहू नये, हेही तितकेच महत्त्वाचे आहे. घरचा पत्ता, जन्मतारीख, आधार क्रमांक यांचे कार्डावर काही काम नाही. फोटोही कोडमध्ये घालू नका. मजकूर जितका जास्त, तितक्या चौकटी बारीक होतात आणि साध्या फोनच्या कॅमेऱ्याला त्या वाचता येत नाहीत. पाच-सहा ओळी पुरेत.

मुलींच्या फॉर्मवर भावाचा नंबर

आता सर्वात अवघड भाग. एका करिअर मार्गदर्शन शिबिरात नोंदणीच्या टेबलावर मी बसलो होतो. फार्मसी, नर्सिंग, इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाच्या बऱ्याच मुली होत्या. त्यांतल्या कित्येकींनी मोबाईलच्या रकान्यात अब्बांचा किंवा भावाचा नंबर लिहिला. एकीने सांगितले, "सर, एका हॉस्पिटलमधून इंटरव्ह्यूसाठी फोन आला होता. भाईजान ड्यूटीवर होते. त्यांनी मला दोन दिवसांनी सांगितलं." जागा भरली गेली होती.

यावर 'मुलींनो, घाबरू नका' असा उपदेश करणे सोपे आहे. मी तो करणार नाही, कारण भीती खरी आहे. जुलै २०२१ मध्ये आणि पुन्हा जानेवारी २०२२ मध्ये मुस्लिम महिलांचे उघड प्रोफाइलवरचे फोटो उचलून इंटरनेटवर त्यांचा 'लिलाव' मांडला गेला. त्यांत पत्रकार होत्या, कार्यकर्त्या होत्या, शिकणाऱ्या मुली होत्या. ज्या घराने ते पाहिले, त्या घराने मुलीचा नंबर बाहेर देताना दहादा विचार केला, तर त्यांना नावे ठेवता येणार नाहीत. कायद्याचा आधारही इथे तोकडा आहे. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ मध्ये झालेला कायदा, माणसाने स्वतःहून जाहीर केलेल्या माहितीला लागू होत नाही.

पण भावाचा नंबर हा त्यावर इलाज नाही. इलाज हा की, कोणाला काय द्यायचे हे तिने ठरवावे. इलेक्ट्रॉनिक कार्डाची खरी सोय इथे आहे. एकाच माणसाची दोन कार्डे असू शकतात. ओळखीच्या सहकाऱ्यांसाठी नंबर असलेले आणि अनोळखी कार्यक्रमांसाठी फक्त नाव, काम आणि ईमेल असलेले. कामासाठी वेगळे सिम घेता येते आणि ते संध्याकाळी बंद ठेवता येते. कार्ड समोर उभ्या असलेल्या माणसाला द्यायचे असते. त्याचा क्यूआर कोड इन्स्टाग्रामवर टाकायचा नसतो. एवढे पाळले तर धोका बराच कमी होतो आणि तिची संधी तिच्याच हातात पोहोचते.

हजरत खदीजा यांचा व्यापार त्यांच्या स्वतःच्या नावाने चालत होता, हे आपण व्यासपीठावरून किती अभिमानाने सांगतो! मग आपल्या बहिणीच्या कार्डावर तिचा स्वतःचा ईमेल असायला हरकत कोणती? भाऊ म्हणून आपले काम तिला सिम घेऊन देण्याचे आणि ब्लॉक कसे करायचे ते दाखवण्याचे आहे. तिचे फोन आपण उचलण्याची गरज नाही.

पूर्ण नाव लिहावे का?

हा प्रश्न मला तरुण हमखास विचारतात. समीर 'सॅम' होतो, रियाज 'राज' होतो. कोणी आडनाव गाळतो. कारण काल्पनिक नाही. सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे, पण वेगवेगळ्या नावांचे अर्ज पाठवून पाहिले होते. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत मुस्लिम नावाला पुढचा फोन येण्याची शक्यता साधारण एक तृतीयांश भरली. दलित नावालाही फटका बसला होता. तेव्हा जो पोटासाठी नाव आखडतो, त्याला मी भित्रा म्हणणार नाही. लाज त्याला नाव आखडायला लावणाऱ्यांना वाटली पाहिजे.

तरीही कार्डावर पूर्ण नाव लिहा, असे मी सांगेन. अर्ज आणि कार्ड यांत एक फरक आहे. अर्जात आधी नाव पोहोचते आणि माणूस नंतर, बहुधा कधीच नाही. कार्डाचे उलटे आहे. आधी तुम्ही भेटता, बोलता, त्याची गाडी किंवा त्याचा कोड दुरुस्त करून देता आणि मग नाव त्याच्या फोनमध्ये जाते. ते नाव मग एका चांगल्या अनुभवाला चिकटते. 'अब्दुल पंक्चर' पुसायचा हाच एक रस्ता मला दिसतो.

दुसरे असे की, काम बहुतेक वेळा घरच्या माणसांकडून येत नाही. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये हे दाखवले. नव्या नोकरीची खबर जिवलग मित्रांपेक्षा तोंडओळखीच्या लोकांकडून जास्त मिळते, कारण जिवलगांना जे माहीत असते ते आपल्यालाही माहीत असतेच. आपली अडचण इथेच आहे. आपले जिवलग पुष्कळ आणि तोंडओळखी कमी. एका मोहल्ल्यात राहायचे, तिथलीच शाळा, तिथलेच दुकान, लग्नकार्यात तीच माणसे. यातले बरेचसे आपण निवडलेले नाही. भाड्याने घर मागायला गेलेल्या प्रत्येकाला ते ठाऊक आहे. पण कार्ड कोणाला द्यायचे, हे तरी आपण निवडू शकतो.

एक टेबल मांडू या

कार्डाने भेदभाव संपणार नाही. त्यासाठी कायदा हवा, संघटना हवी, न्यायालयाची पायरीही चढावी लागेल. कार्ड त्या लढ्याची जागा घेत नाही. उद्या सकाळी चाचांना जे गिऱ्हाईक मिळायला हवे, तेवढ्यापुरते ते आहे.

म्हणून एक सूचना करतो. आपल्या पुढच्या प्रत्येक शिबिरात, रक्तदानाच्या कार्यक्रमात, ईद मिलनात एक टेबल कार्डांसाठी ठेवावे. दोन तरुण, एक लॅपटॉप, एक प्रिंटर. येईल त्याची व्हीकार्ड फाईल करून त्याच्याच फोनमध्ये ठेवावी, थेट क्यूआर कोड छापून द्यावा आणि काम झाल्यावर त्याची माहिती लॅपटॉपमधून पुसून टाकावी. शिंपी, सुतार, इलेक्ट्रिशियन, शिकवणी घेणाऱ्या आपा, नुकतीच पास झालेली मुले, सर्वांसाठी. एका माणसाला दहा मिनिटे लागतात.

आणि ज्यांचे कार्ड तयार होईल, त्यांनी पहिली दहा कार्डे मोहल्ल्याबाहेर द्यावीत. जुन्या ग्राहकाला, कॉलेजातल्या वर्गमित्राला, बँकेतल्या मॅडमना, ट्रेनमध्ये रोज समोर बसणाऱ्या माणसाला.

चाचांचे कार्ड मी त्याच आठवड्यात करून दिले. पूर्ण नाव, खाली 'इंजिन दुरुस्ती', मोहल्ल्याचे नाव आणि नंबर. त्यांनी ते चष्मा लावून दोनदा वाचले आणि म्हणाले, "बेटा, नाव बरोबर लिहिलंस." दुसऱ्या दिवशी ऑफिसात मी ते सहकाऱ्याला पाठवले. त्याने जुनी नोंद माझ्यासमोर पुसली, नवी सेव्ह केली आणि थोडा ओशाळून म्हणाला, "इतकी वर्षं मी त्यांना अब्दुलभाईच म्हणत होतो रे. ते कधी काही बोलले नाहीत."

चाचा नाही बोलले. आपण बोलू या.